मोंबासाची सफारी

मार्तंड नवी कोरी सफारी घालून बाहेरच्या खोलीत आला आणि उत्तराला हसू दाबता येईना. तपकिरी रंग, चार खिसे, कमरेला पट्टा, आणि गळ्यात रेसच्या नादी लागलेल्या मामांकडून मागून आणलेली दुर्बीण. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत लांबून बघण्यासारखं काही नव्हतं. तरी तो दुर्बिणीतून ओट्यावरचे डबे बघत होता.

"धोंडिराम टेलरनं जीव ओतलाय गं," तो म्हणाला. "जंगलात अशीच घालतात."

सिंह काही कपडे बघून खात नाही, असं उत्तराच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं ते गिळलं. नवऱ्याची टिंगल करायला अख्खा जन्म पडला होता. आफ्रिका एकदाच येणार होती.

हे सगळं सुरू झालं उन्हाळ्यातल्या एका फोनमुळे. मार्तंडचा मावसभाऊ जयवंत मोंबासाला एका कारखान्यात हिशेबनीस होता. त्याआधी कॉलेजची सगळी वर्षं त्यानं याच घरात काढलेली, उत्तराच्या हातचं जेवून आणि तिनं इस्त्री केलेले शर्ट घालून. बिल्डिंगमध्ये फोन एकट्या पद्मजाबाईंकडे, त्यामुळे कुणाचाही फोन हा सगळ्यांचाच फोन. त्या दिवशी लाइनीत इतकी खरखर होती की मार्तंडला कळलं ते एवढंच: दादा, सफारीचं बघ, दिवाळीच्या आत, खर्च माझा, सगळं तुझ्या मनानं कर. 'करतो, करतो' म्हणून त्यानं फोन ठेवला आणि जमलेल्या मंडळींना सांगून टाकलं की जयवंतानं दोघांना आफ्रिकेला बोलावलंय. आधी जंगल बघायचं, मग समुद्रावर पडून राहायचं.

झालं. पासपोर्ट निघाले. पिवळ्या तापाची सुई टोचून घेतली, त्यावर मार्तंड दंड धरून विव्हळत बसला. सराव म्हणून बोरिवलीच्या पार्कात जाऊन सिंह बघितला. त्यानं यांच्याकडे पाठ केली ती काही वळवली नाही. गोराईला उत्तरा साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि मार्तंडनं किनाऱ्यावरून तिला पोहायचं कसं ते समजावून सांगितलं. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. थालीपिठाची भाजणी दळून झाली. पहिल्या मजल्यावरच्यांनी कॉफी आणायला सांगितली, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी लाकडी जिराफ.

पद्मजाबाई तेवढ्या गप्प होत्या. त्या काश्मीरला जाऊन आल्या होत्या आणि फेरन घातलेला त्यांचा फोटो फोनच्या बरोबर वर टांगलेला होता. फोन करायला येणाऱ्याला तो बघावाच लागे. उत्तराची मजल मात्र लग्नापासून सांगलीच्या नणंदेपर्यंत. मार्तंडला काय, मिरवायचं होतं. उत्तराला जायचं होतं. जिथं पोचल्या पोचल्या पदर खोचून ओट्याशी उभं राहावं लागणार नाही, असं एक तरी गाव तिला बघायचं होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला जिराफ दिसायचे.

मार्तंड सफारी दाखवायला खाली उतरला आणि इकडे पद्मजाबाईंची गॅलरीतून हाक आली. मोंबासाचा फोन. उत्तरा धावली. तिच्यामागोमाग शेजारणीही आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. पद्मजाबाईंनी रेडिओ बंद केला.

आज लाइन स्वच्छ होती. जयवंतानं सगळ्यांची खुशाली विचारली आणि मग म्हणाला, वहिनी, सफारी झाली का शिवून? त्याच्या ओळखीचा एक जण परवा मुंबईहून निघणार होता, त्याच्याबरोबर पाठवा म्हणाला. दिवाळीला साहेबांकडे जेवण आहे आणि तिथले शिंपी फार लुटतात.

"काय शिवून?" उत्तरानं विचारलं.

"सफारी हो, वहिनी. दादाला सांगितलं नव्हतं का, सगळं तुझ्या मापानं कर म्हणून? आमची अंगकाठी एकच."

मापानं. मनानं नाही, मापानं.

पासपोर्ट, सुई, भाजणी, सगळ्याची वाट लागली होती. त्या माणसाला दुर्बिणीसकट बडवावं असं तिला वाटलं. रडूही येत होतं, पण रडायला हे घर बरोबर नव्हतं.

"काय म्हणतायत?" पद्मजाबाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं. "तिकिटं निघाली का?"

उत्तरानं वर बघितलं. फेरनमधल्या पद्मजाबाई तिच्याकडे बघून हसत होत्या. तिला एकदम जयवंताचे ते शर्ट आठवले. कॉलरी, बाह्या, एकेक घडी. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडे काहीच मागितलं नव्हतं, आणि त्यालाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"तयार आहे, भावजी," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "पण ती कुणाबरोबर पाठवता यायची नाही. आत तुमचे दादा आहेत, पासपोर्ट काढून, पिवळ्या तापाची सुई घेऊन."

पलीकडे जयवंताला हळूहळू उलगडलं आणि तो हसत सुटला. दादाला काय वाटलं, दादानं काय केलं, सुईसुद्धा घेतली का, असं विचारत तो हसतच राहिला. उत्तरानं त्याला पोटभर हसू दिलं. शेवटी दम खात त्यानं विचारलं, मग आता काय करायचं, वहिनी?

"करायचं काय," उत्तरा पदर सावरत म्हणाली. "दोन तिकिटं पाठवायची. एक सफारीचं, आणि एक तिला इस्त्री करणारीचं."