मोडेमची रांग

इंदुमतीबाईंच्या डोक्यातल्या मोडेममधून त्यांच्या आठवणी कॉम्प्युटरवर उतरत होत्या. उतरलेली आठवण डोक्यात उरत नसे. अंग लुळं पडल्यापासून त्या बोलायच्या तेही याच मोडेममधून, पडद्यावर.

"आईला त्रास होत नाही ना?" मुलाने, हेरंबने विचारलं.

"झाला तर सांगतील की त्या," तंत्रज्ञ सापळे म्हणाले.

चार तास पडदा कोराच होता. हेरंब निर्धास्तपणे जेवून आला.

शेवटची आठवण उतरली. "आता बोलणं येईल," सापळे वायर गुंडाळत म्हणाले. "लाइन एकच, त्यामुळे ते मागे तुंबलं होतं."

वाक्यं भराभर उमटली. पहिलं सकाळी दहाचं होतं: "हेरंब, दुखतंय रे. थांबव."

शेवटचं दुपारी दोनचं: "अहो, तुम्ही कोण आहात? थांबवा ना."