सोडून विचारा

"एकमेकांना शांती द्या," पाळकसाहेब म्हणाले, आणि नाताळच्या सकाळी काळेवाडीतल्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये सव्वाशे माणसं हात पुढे करत उठली.

शांती देण्याचीही एक रीत असते. सासू सुनेला बोटांची टोकं देते. भांडलेले भाऊ हात देतात आणि बघतात पंख्याकडे. ज्याच्या हातात नोकऱ्या आहेत, त्याला दोन्ही हातांनी शांती मिळते. सोपानराव हे चर्च कमिटीचे सेक्रेटरी आणि निघोज्याच्या एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या कारखान्यात, सुपरवायझर. त्यामुळे त्यांचा हात दर रविवारी सगळ्यांत शेवटी मोकळा होई. आजही ते रांगेरांगेने हसत आले आणि चौथ्या रांगेपाशी अडले. वाटेत शांतवन उभा होता.

शांतवनचा उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत होता. तेवीस दिवसांपूर्वी सोपानरावांच्याच शॉपमध्ये त्याची चार बोटं प्रेसखाली गेली होती. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ती खाली येत नाही. एका बटणात पाचर ठोकली की एक हात मोकळा राहतो आणि माल भराभर निघतो. पाचर कुणी ठोकली, एवढाच प्रश्न होता. अपघाताच्या कागदावर उत्तर होतं: कामगाराने स्वतः. खाली सही सोपानरावांची. त्या एका सहीने शांतवनची भरपाई गेली आणि नोकरीही.

शांतवनने डावा हात पुढे केला. सोपानरावांनी सवयीने उजवा दिला.

"प्रभूची शांती," ते म्हणाले.

शांतवनने त्यांची करंगळी धरून उलटी वळवली. काडकन आवाज झाला. तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला, कारण हार्मोनियम नेमकी थांबली होती.

सोपानराव वाकले. शांतवनने त्यांच्या तोंडावर गुडघा हाणला आणि नाताळच्या पांढऱ्या शर्टावर रक्त ठिबकायला लागलं. मागून सिद्धेश नावाच्या एका तरुणाने शांतवनच्या गळ्याला विळखा घातला. शांतवनचं कोपर त्याच्या तोंडावर बसलं आणि एक दात तळहातावर घेऊन तो खुर्चीवर टेकला. त्यानंतर मदतीला कुणी आलं नाही. सगळे भिंतीकडे सरकले. मिनिटापूर्वी ज्यांनी दोन्ही हातांनी शांती दिली होती, ते सगळ्यांत आधी.

"माझी चार गेली," शांतवन म्हणाला. त्याने पकड सोडली नव्हती. "तुमचं एक झालं. पाचर कुनी ठोकली?"

"शांतवन, देवाचं घर आहे हे."

दुसरं बोट गेलं.

"मी," सोपानराव गुडघ्यांवर आले. "मी ठोकली. मीच ठोकली."

शांतवनने तिसरं बोट धरलं. विचारायचं आता काही उरलं नव्हतं. तरी धरलं.

"अहो." त्याची बायको कस्तुरा खुर्च्या बाजूला सारत आली. "सोडा त्यांना."

"तू मधी पडू नको."

"बोट मोडून काढलेलं कोन खरं धरतंय? उद्या म्हनतील, मारून वदवून घेतलं. आन् खरंच म्हनतील. सोडा, आन् मग इचारा."

"सोडल्यावर न्हाई बोलले तर?"

"तर न्हाई बोलले. आपन घरी जाऊ. करंज्या तळायच्या ऱ्हायल्यात."

शांतवनने तिच्याकडे पाहिलं. तेवीस दिवस त्याला एवढी एकच गोष्ट हातात हवी होती, ती आता आली होती, आणि ही बाई ती सोडायला सांगत होती. मग त्याने एकेक करत आपली बोटं उघडली.

सोपानराव धडपडत उठले. दार त्यांच्यापासून चार पावलांवर, सताड उघडं. त्यांनी चपला शोधल्या नाहीत, सरळ निघाले. दोन पावलं गेले. तीन गेले. कुणी अडवलं नाही. चौकट धरून ते थांबले आणि पाठमोरेच बोलले.

"तू पाचर काढा म्हणाला होतास." हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "दोनदा म्हणालास. मी म्हणालो, नाताळची सुट्टी पाहिजे ना, मग गुपचूप माल काढ."



"हे फॅक्टरी इन्स्पेक्टरसायबापुढं सांगाल?" शांतवनने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला.

"उद्या दहाला." सोपानरावांनी बाहीने नाक पुसलं. "पण न्यायला तू ये. मी एकटा निघालो तर चिखलीच्या चौकापर्यंत माझा विचार बदललेला असेल. माझा मला भरवसा नाही."

"येतो," शांतवन म्हणाला आणि फरशीवरच बसला. त्याचे ओठ हलले. तो शांती देत होता की शिवी, हे शेजारच्यांनाही कळलं नाही. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा डावा हात मूठ सोडून मांडीवर उघडा पडला होता.

पाळकसाहेब पुस्तकात पुढचं पान शोधत होते. ते लवकर सापडेना.

कस्तुराने पिशवीतून पट्टीचा रोल काढला, नवऱ्याच्या संध्याकाळच्या ड्रेसिंगसाठी ठेवलेला. सोपानरावांना खुर्चीत बसवलं. मोडलेली दोन बोटं तिने मोडायच्या राहिलेल्या तिसऱ्याला टेकवली आणि तिन्हींना मिळून वेढे द्यायला लागली, चांगले आवळून.

"दुखतंय गं, कस्तुरा."

"दुखू द्या," ती म्हणाली, आणि पुढचा वेढा जरा सैल घेतला.