बाप दारात येतो कशाला?

आपल्या पॉडकास्टवर जपानी अ‍ॅनिमे मालिकांची पिसं काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून तिचे श्रोते तिला कौतुकाने कात्रीताई म्हणत. दर रविवारी ती खोलीचं दार लावून, खिडकीला ब्लँकेट टांगून माइकसमोर बसायची. घरात दुसरं माणूस म्हणजे वडील. "बाबा, मी बोलत असताना दार वाजवत जाऊ नका हो, सगळं पहिल्यापासून करावं लागतं!" असं तिने त्यांना एकदा चांगलंच सुनावलं होतं. त्यानंतर दार कधी वाजलं नाही.

या रविवारी तिने एका मालिकेतल्या म्हाताऱ्या तलवारबाजाला धारेवर धरलं. "हा बाप प्रत्येक भागात लेकीच्या दारापर्यंत येतो, उभा राहतो आणि चकार शब्द न काढता परत जातो. अरे, पण येतो कशाला? पात्राला काही हेतू नको? लेखकाने नुसतं पाणी घातलंय!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती खळखळून हसली.

मग हेडफोन चढवून ती रेकॉर्डिंग साफ करायला बसली. 'येतो कशाला'च्या मागे स्लिपर घासत कोणीतरी चालत आलं, दाराशी थांबलं आणि तिच्या हसण्याखालून हळूहळू लांब गेलं. तिने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला.

 

दर रविवारची ही खरखर ती कचरा समजून, नीट न ऐकताच कापून टाकत आली होती.