उख्यातले कोलीत

व्होल्गाकाठचा म्हातारा कोळी मॉस्कोत शेफ मुलाच्या भटारखान्यात आला, उख्याचा, म्हणजे माशाच्या रश्श्याचा, घोट घेतला आणि वाडगा भिंतीवर फोडला. "यात कोलीत विझवलं नाहीस. हा उखा नव्हे, माशाच्या आंघोळीचं पाणी आहे!" मुलाने आपल्या आजोबांच्या पद्धतीचा उखा काचेसारखा गाळून त्यात बर्चच्या लाकडाचा धूर मोजून सोडला होता. "धूर आहे त्यात, बाबा. कोलीत म्हणजे नुसता देखावा." "रोद्का, तुझा आजा नाटकं करायचा काय रे?" म्हाताऱ्याने भट्टीतले जळते लाकूड उपसले. पहिला घाव मुलाच्या खांद्यावर बसला, दुसरा मनगटावर, कातडी चरचरली. तिसऱ्या घावाआधी रोद्काने भाजलेल्याच हाताने लाकूड हिसकावले आणि उख्याच्या पातेल्यात खुपसले. दोघांनी एकाच डावाने चाखला. रोद्काला चवीत तसूभरही फरक जाणवला नाही. "आता जमला," म्हातारा डोळे पुसत म्हणाला. रोद्काने मनगट पाठीमागे घेतले आणि मान डोलावली.