पाव इंच

अमेरिकेतल्या मिनेसोटात जानेवारी चालू होता, आणि आर्विडच्या तळघरातली घर तापवणारी भट्टी फिल्टर तुंबल्यामुळे सारखी बंद पडत होती. दुकानातून नवा फिल्टर आणून आर्विडने आधी त्याला मोजायची टेप लावली. कडेवर छापलं होतं सोळा बाय पंचवीस, पण भरला तो दोन्हीकडून पाव-पाव इंच कमी.

“फसवणूक आहे ही! परतच करून येतो.”

“अरे, दुकानदार म्हणाला ना, छापलेला आकडा नुसता बोलायचा असतो. खरं माप जरा कमीच ठेवतात, म्हणून तर तो खाचेत बसतो,” कोटावर कोट चढवून जिन्यात बसलेली त्याची बायको लव्हॉन म्हणाली. “बसव मुकाट्याने. नळ गोठायला लागलेत.”

“गोठू देत! सांगायचं एक आणि भरायचं दुसरं, हे माझ्या घरात चालणार नाही.”

लव्हॉन जिन्यातून उठली. त्याच्या हातातली टेप घेऊन ती वर दिवाणखान्यात गेली आणि भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या माशाखाली स्टूल ओढून त्यावर चढली. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून तो मासा आर्विडने पकडला होता, एकट्याने, कुणी बघत नसताना. खालच्या पितळी पाटीवर कोरलं होतं: एकतीस इंच.

आर्विड धापा टाकत मागोमाग आला.



“उतर खाली, लव्हॉन! अगं, एवढ्या थंडीत सगळंच आकसतं.”