मावशीच्या बाकावर

दानबी ओरडत नव्हती, हेच मिरानला सहन होत नव्हतं.

आठ वर्षांची तिची लेक रेक्झिनच्या उंच बाकावर पालथी पडली होती. कमरेला टॉवेल, पोहण्याची टोपी कानांवरून घट्ट ओढलेली. न्हाणीघरात अंग घासून देणारी मावशी खरखरीत हिरवा हातमोजा चढवून तिची पाठ खसाखसा घासत होती. मळाच्या वळ्या सुटत होत्या, पाठ लालबुंद झाली होती आणि पोरीचे डोळे सुखाने मिटत चालले होते.

कोरियातल्या मासान बंदरामागचं हे सार्वजनिक न्हाणीघर मंगळवारी दुपारी रिकामं असतं, म्हणून मिरान तीच वेळ धरून यायची. घमेली आपटण्याचे आवाज नकोत, पोरांचा कल्ला नको. घरीसुद्धा तिचं हेच चालायचं. कपड्यांची लेबलं उसवायची, मोजे उलटे करून घालायचे, मिक्सर लावण्याआधी तीनदा सांगायचं. एवढं करूनही अंगाला हात लावला की दानबी किंचाळायची. आजही तेच झालं. मिरानने मऊ स्पंजावर फेस काढला, फुंकर घालावी तसा हलका हात पाठीवरून फिरवला, तर पोर तिच्या हातून निसटून पळाली आणि थेट मावशीच्या रिकाम्या बाकावर जाऊन आडवी झाली. मावशीने काही विचारलं नाही. तळवा पाठीवर दाबला आणि कामाला लागली.

गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसलेली एक म्हातारी मासळीवाली हे सगळं बघत होती.

"अगं दानबीची आई, पोर नक्की तुझीच ना? दवाखान्यात अदलाबदल तर नाही झाली?"

"माझीच आहे, आजी." मिरान हसायला गेली, पण ते तिला जमलं नाही.

"अजून," दानबी म्हणाली.

घमेल्यातल्या पाण्यात मिरानचा हात तसाच राहिला. 'नको', 'जा', 'दुखतं', हे शब्द तिच्या वाट्याचे. 'अजून' मात्र मिळालं ते ह्या बाईला, जिला पोरीचं आडनावही ठाऊक नव्हतं. मिरानची पाठ तिच्या आईने लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत ह्याच न्हाणीघरात घासली होती. बायकांच्या रांगेत बसून लेकीची पाठ घासायची, मग आपली तिच्यापुढे करायची, एवढीच मिरानची इच्छा होती. ती फार मोठी आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ती उठली. "पुरे आता. कातडं सोलून निघेल तिचं."

"कातडं कसलं, मळ आहे हा. किती दिवसांचा गं?"

"हात लावू देत नाही ती."

"मला देते की."

मिरानच्या कानशिलात रक्त चढलं. "द्या तो मोजा इकडे."

मावशीने मोजा काढून दिला. आतून तो तिच्या हाताने गरम झालेला होता. मिरानला तो घालताना किळस आली, तरी तिने घातला आणि हात पाठीवर ठेवला. पोरीचे खांदे लगेच कानांना भिडले. ते आकसणं तळव्याला कळलं मात्र, मिरानचा हात आपोआप हलका झाला. दानबीच्या उपचार केंद्रातल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, हलका हात हिला बोचतो, दाबून धरत जा. तेव्हा तिने मान डोलावली होती. पण आपल्या हाताखाली पोर आकसते आहे आणि आपण वरून जोर लावायचा, हे तिला कधी जमलं नव्हतं.

"नको," दानबी म्हणाली.

"अगं, मुंग्या सोडल्यासारखा काय फिरवतेस?" मावशी म्हणाली. "किमचीच्या कोबीला मीठसुद्धा ह्याहून जोरात चोळतेस तू. असा हात मला लावलास तर मीही किंचाळेन."

हौदातून म्हातारी खुदकन हसली.

"तुम्हाला पोर नाही," मिरान म्हणाली, "म्हणून जमतं तुम्हाला."

म्हातारीचं हसू विरलं. मावशीने वाकून एक घमेलं उचललं, त्यातलं पाणी फरशीवर ओतून दिलं आणि रिकामं घमेलं पालथं घातलं.

"नाही, ते खरंच," ती म्हणाली आणि टॉवेलला हात पुसत निघाली.

दानबीने डोळे उघडले नाहीत. बाकावरून तिचा हात तेवढा मागे आला, हवेत चाचपडला आणि मावशीचं मनगट त्याने पकडलं. पोरीने ते ओढून आणलं आणि आपल्या पाठीवर, आईच्या हातावर ठेवलं. मग वरून दोनदा थोपटलं.

मावशीने मिरानकडे पाहिलं. मिरानने नजर दिली नाही, पण हातही काढून घेतला नाही. तेव्हा मावशीने आपल्या अंगाचा भार त्या हातांवर टाकला.

पहिल्यांदाच मिरानच्या तळव्याला लेकीच्या पाठीचा एकेक मणका लागला. वरून परक्या बाईचा जड तळवा, खालून पोरीचा श्वास. तो आधी भरभर चालला होता, मग संथ झाला. खांदे खाली आले.

"बघ, आले की खाली," मावशी हळूच म्हणाली. "काढू आता माझा हात?"

मिरानने ओठ दाताखाली घट्ट धरला.

"राहू द्या," ती म्हणाली.