डावखुरा घोडेस्वार

“भलताच सिनेमा लावलाय,” हे टीव्हीवर खेकसले. घोडेस्वाराने नुकतंच उजव्या हाताने पिस्तूल काढलं होतं.

मी हा सिनेमा पहिल्यांदाच बघत होते, पण यांच्या तोंडून तो लग्नापासून ऐकत आलेय. यांनी लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला. घोडे, धूळ, ओसाड माळ आणि डावखुरा हिरो. आमची केतकी डाव्या हाताने जेवायला लागली, तेव्हा सासूबाई तिचा हात बांधायला निघाल्या होत्या. “राहू दे, आई,” हे म्हणाले होते, “एवढा मोठा हिरो डावखुरा होता. त्याचं काही अडलं?” कधी कुणाचं न ऐकणाऱ्या सासूबाईंनी चक्क हातातलं फडकं खाली ठेवलं.

आज केतकीनेच हौसेने सिनेमा शोधून लावला होता. आता ती रिमोट धरलेल्या आपल्या डाव्या हाताकडे बघत होती.

मला एकदम आमच्या गावच्या जत्रेतला सिनेमाचा तंबू आठवला. पडदा मधोमध, त्याच्या पुढे पुरुष, पडद्यामागे बायका. मागून सगळं डावं-उजवं उलटं दिसायचं.

“अहो, तुम्ही बायकांत बसला होतात!”

“आई एकट्याला सोडेना,” हे कानापर्यंत लाल झाले.

म्हणजे सासूबाईंनीही डावखुराच हिरो पाहिला होता!

केतकी हसत उठली. तिने यांची खुर्ची फिरवून टीव्हीकडे पाठ केली आणि दाढीचा आरसा यांच्यासमोर धरला. आरशात घोडेस्वाराने पुन्हा पिस्तूल काढलं, डाव्या हाताने.

“बघ,” हे मला म्हणाले, “मी काय सांगत होतो?”